शून्य पूर्णांक एक टक्का

साधा पितळी नट घ्या. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, एवढं आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. पण हाच नट उद्या जर्मनीला जाणाऱ्या यंत्रात बसणार असेल, तर एवढ्या उत्तराला मार्क मिळत नाहीत! लेथवर पितळ नीट कापलं जावं म्हणून त्यात बहुधा दोन-तीन टक्के शिसं घातलेलं असतं. ते किती आहे, हे बनवणाऱ्याने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं लागतं. कारखान्यातली मंडळी याला ‘डिक्लरेशन’ म्हणतात.

आमच्या भंडारदरा-अकोल्याकडची कितीतरी मुलं नाशिकला सातपूर-अंबडला आणि सिन्नरला कारखान्यांत आहेत. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे हल्ली हेच काम आहे. मोठी कंपनी त्याला विचारते, तो प्लेटिंगवाल्याला विचारतो, प्लेटिंगवाला केमिकल विकणाऱ्याला. “सर, निम्मा दिवस फोनवरच जातो,” म्हणाला. मग मला प्रश्न पडला, की ही विचारपूस मुळात सुरू कधी झाली आणि कशासाठी?

मला वाटतं, आपण भारतीयांनी सुरुवात भोपाळपासून मोजावी. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. डोळे चोळत, धापा टाकत माणसं हमीदिया रुग्णालयात आली, तेव्हा वायू नेमका कोणता आणि त्यावर उतारा काय, हे डॉक्टरांना नीट सांगणारं कोणी नव्हतं. विष शेजारी होतं, पण त्याची माहिती कुंपणाच्या आतच राहिली होती.

यातून कायदे झाले. अमेरिकेने १९८६ साली, कारखान्यात कोणती घातक रसायनं आहेत हे जाणून घेण्याचा शेजारच्या लोकांचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे १९८७ साली कारखाने कायद्यात ४१-ब हे कलम घातलं गेलं. त्यानुसार मालकाने धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीलाही द्यायची होती. १९८९ च्या नियमांनी घातक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक कसं असावं, याचा नमुनाच दिला. या सगळ्यामागचा प्रश्न एकच होता... रसायनाजवळ जो उभा आहे, त्याला त्याची माहिती आहे का?

दुसरा धागा येतो ग्राहकाच्या बाजूने. जपानात तोयामा भागात जिंझू नदीच्या पाण्यात वरच्या खाणीतलं कॅडमियम मिसळलं. ते शेतात गेलं, भातात उतरलं आणि खाणाऱ्यांची हाडं ठिसूळ झाली. लोक वेदनेने ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ म्हणून कण्हत. तेच त्या रोगाचं नाव पडलं. १९६८ साली तिथल्या सरकारने हा प्रदूषणाचा रोग असल्याचं मान्य केलं. नदीकाठी राहणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. आमच्याकडे प्रवरेत काही मिसळलं, तर ते खाली अकोले, संगमनेर करत नेवाशापर्यंत जाणारच.

याच कॅडमियमने २००१ च्या डिसेंबरात सोनी कंपनीला घाम फोडला. ऐन नाताळच्या तोंडावर नेदरलँड्सने प्लेस्टेशन या खेळाची सुमारे १३ लाख खोकी अडवली, कारण बरोबरच्या वायरींमध्ये कॅडमियम मर्यादेबाहेर होतं. मोठमोठ्या कंपन्यांना तेव्हा एक धडा मिळाला. माल आपल्या नावाने विकायचा, तर पुरवठादाराच्या पुरवठादारापर्यंत विचारत जावं लागणार!

मोटारवाल्यांनी २००० सालीच आपली एक सामाईक नोंदवही संगणकावर सुरू केली होती. तिचं नाव आय.एम.डी.एस. गाडीचा प्रत्येक भाग कशाकशाचा आहे, ते त्यात भरायचं. १ जुलै २००६ पासून युरोपात विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना ‘रोझ’ नावाचा नियम लागू झाला. शिसं, पारा, षट्संयुजी क्रोमियम आणि आगरोधक रसायनांचे दोन गट, यांना मर्यादा ०.१ टक्का. कॅडमियमला तर ०.०१ टक्का. (आपल्या नटाच्या पितळेला मात्र चार टक्क्यांपर्यंत शिशाची सवलत मिळाली!) पुढे २००७ साली ‘रीच’ कायदा आला. अतिचिंताजनक पदार्थांची पहिली यादी २००८ च्या ऑक्टोबरात निघाली, तेव्हा त्यात १५ नावं होती. आज ती अडीचशेच्या आसपास आहेत. २०१८ साली शिसंही त्यात आलं. म्हणून रोझची सवलत असली, तरी नटातलं शिसं कळवावंच लागतं.

०.१ टक्का कशाचा, यावरही वाद झाला. अख्ख्या सायकलच्या वजनाचा, की तिच्या मुठीवरच्या रबराचा? सायकलच्या हिशेबात रबर दिसेनासंच होतं. १० सप्टेंबर २०१५ रोजी युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला की प्रत्येक भाग वेगळा मोजायचा. म्हणूनच अंबडच्या छोट्या वर्कशॉपपर्यंत हे कागद पोचले. आपल्या सरकारनेही ई-कचऱ्याच्या २०११ च्या नियमांत अशाच मर्यादा घातल्या, त्या १ मे २०१४ पासून लागू झाल्या.

आता मला अस्वस्थ करणारी गोष्ट. जस्ताच्या मुलाम्यावर जी पिवळी झाक असे, तिच्यात षट्संयुजी क्रोमियम शिल्लक राहायचं. ते कागदावर पकडलं गेलं, म्हणून कितीतरी ठिकाणी टाकीतलं रसायनच बदललं. कामगाराचं त्यात भलं झालं. पण चकचकीत क्रोमच्या मुलाम्याचं तसं नाही. तो नेहमी ज्या टाकीत होतो, तिच्यात तेच विषारी क्रोमियम असतं. वस्तूवर चढतो तो मात्र निव्वळ क्रोमियम धातू, निरुपद्रवी. कागदावर ‘नाही’ लिहायचं आणि ते शंभर टक्के खरं! टाकीवरचे तुषार मात्र कामगाराच्या श्वासात जातात. नाकाच्या पडद्याला भोक पडणं, फुप्फुसाचा कर्करोग, हे या धंद्याचे जुने रोग आहेत.

युरोपने आपल्या कारखान्यांना २१ सप्टेंबर २०१७ नंतर हे रसायन परवानगीशिवाय वापरायला बंदी केली. मुलामा बाहेरच्या देशात चढवून आणलेल्या भागाला मात्र त्या परवानगीची गरज ठेवली नाही.

म्हणजे बघा, भोपाळनंतर आपण विचारत होतो की टाकीजवळच्या माणसाला माहिती आहे का. आज कागद विचारतो की खोक्यात काय उरलंय. दोन्ही प्रश्न हवेत. पण दुसऱ्याचं उत्तर दिलं नाही तर ऑर्डर जाते, म्हणून त्याला उत्तर मिळतं. पहिल्याचं उत्तर दिलं नाही तर एखाद्या पोराची छाती जाते आणि ते कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

असो. आमच्या भाचेमंडळींत आणि तुम्हा वाचकांत पुण्या-नाशिकला परचेस खात्यात बसणारे बरेच आहेत. पुरवठादाराला पुढचं पत्र पाठवाल तेव्हा एक ओळ वाढवा... ‘हा भाग बनवताना काय वापरलं, आणि ते हाताळणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितलं का?’ कुठला कायदा तुम्हाला तसं विचारू नका म्हणत नाही.