साष्टीचें अरण्य कोणीं राखिलें?

शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर सायंकाळीं बसणाऱ्या मंडळींत ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत असे गृहस्थ आतां थोडे नाहींत. आणि त्यांपैकीं जो तिकडे जाऊन येतो, तो बहुधा यलोस्टोनचें वर्णन केल्यावांचून राहत नाहीं. जमिनींतून शंभर-दीडशें फूट उसळणारें कढत पाण्याचें कारंजें, मोटारीच्या वाटेंत स्वस्थ उभे राहणारे बायसन, दूर टेकडीवर दिसलेलें अस्वल! ऐकणारा हरखून जातो, आणि तें योग्यच आहे. परंतु दादरहून लोकलनें पाऊण तासांत बोरीवलीस पोंचलें, तर तेथेंहि ज्वालामुखीच्या खडकावर वाढलेलें, श्वापदें बाळगणारें एक राष्ट्रीय उद्यान आहे, याची आठवण या गप्पांत कोणास होत नाहीं. या दोन उद्यानांचा इतिहास शेजारीं ठेवून पाहिला म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. दोन्ही ठिकाणीं अरण्य राखिलें गेलें, तें अरण्यासाठीं नव्हे.

यलोस्टोनच्या कायद्यावर अध्यक्ष ग्रँट यांनीं 1 मार्च 1872 रोजीं सही केली. तेव्हां लोकांच्या डोळ्यांपुढें होतीं तीं उष्णोदकाचीं कारंजीं. साऱ्या जगांत अशीं जितकीं कारंजीं आहेत, त्यांपैकीं जवळजवळ निम्मीं त्या एका पठारावर आहेत. (स्नानगृहांतील ज्या यंत्रास आपण गीझर म्हणतों, त्याचें नांवहि मूळ आइसलंडांतील अशाच एका कारंज्याचें.) हें नवल कोणा खासगी मालकानें कुंपण घालून अडवूं नये, हा मुख्य हेतु. जनावरांची काळजी मागाहून सुचली. उद्यान जाहीर झाल्यावरहि तेथें शिकार चालूच होती, आणि तीस खरा पायबंद घालणारा कायदा 1894 सालीं झाला. लांडग्यास तर त्या कायद्यानेंहि आसरा दिला नाहीं. सरकारी नोकरांनींच 1926 पर्यंत त्याचा निर्वंश केला, आणि पुढें 1995 सालीं कॅनडांतून लांडगे आणून सोडण्याची पाळी आली!

आमच्याकडील अग्नि केव्हांच निवाला आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीस भेगा पडून जो तप्त रस वाहिला, त्याचाच सह्याद्रि झाला. तो रस बहुतेक ठिकाणीं संथपणें पसरला. मुंबईच्या परिसरांत मात्र कांहीं ठिकाणीं स्फोट होऊन राख व दगडांचे तुकडे एकत्र थिजले. कान्हेरीचीं लेणीं, म्हणजे जुन्या कृष्णगिरीचीं लेणीं, अशाच खडकांत कोरलेलीं आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून सुमारें दहाव्या शतकापर्यंत तेथें बौद्ध भिक्षु राहत होते, आणि लेण्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. चैत्यगृह व भव्य बुद्धमूर्ति सर्वच पाहतात. आमच्या मतें खरें पाहण्यासारखें आहे तें तेथील पाणी. खडकांत पन्हळी खोदून पावसाचें पाणी वळविलेलें आहे, आणि लेण्यालेण्याच्या दाराशीं त्याचें टाकें आहे. कल्याणच्या व्यापाऱ्यांनीं आणि इतर गृहस्थांनीं दिलेल्या दानांच्या शिलालेखांत लेण्यांबरोबर या पोढींचाहि निर्देश सांपडतो. छायाचित्रें काढीत फिरणारा प्रवासी याच पन्हळींवरून चालत जातो, आणि खालीं पाहत नाहीं.

पुढें त्या डोंगरांचें पाणी साऱ्या मुंबईस हवेंसें झालें. शहर वाढलें, विहिरी पुरेनात, पाऊस कमी झाला कीं हाहाकार उडे. तेव्हां कॉनिबेअर नांवाच्या इंजिनियराच्या योजनेप्रमाणें 1856 सालीं विहारच्या कामास आरंभ होऊन 1860 सालीं तो तलाव पुरा झाला. 1879 सालीं तुळशीचा झाला. तलावाचें पाणी शुद्ध राहावें म्हणून त्याच्या भोंवतालचा डोंगर वस्तीपासून मोकळा ठेवणें प्राप्त झालें. आज उद्यानाचें क्षेत्र सुमारें 104 चौरस किलोमीटर आहे, आणि दोन्ही तलाव त्याच्या पोटांत आहेत. साष्टींतील बाकीचीं रानें चाळी, गिरण्या व वसाहतींखालीं गेलीं. एवढें रान उरलें, त्याचें मोठें श्रेय मुंबईकरांच्या तहानेस दिलें पाहिजे.

कढत पाण्याचीच हौस असेल त्यानें आणखी उत्तरेस, तानसा नदीच्या कांठीं वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथें जावें. तेथें पाणी उसळत नाहीं, कुंडांत शांतपणें वर येतें. खालीं जिवंत ज्वालामुखी नाहीं. भेगांतून खोल गेलेलें पाणी पृथ्वीच्या पोटांत तापून परततें. देवीनें मारलेल्या दैत्यांचें तें रक्त, अशी स्थानिक श्रद्धा आहे. 1739 सालीं वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनीं नवस फेडण्यासाठीं वज्रेश्वरीचें देऊळ बांधविलें, असें सांगतात. त्याच नदीवर वरच्या अंगास 1892 सालीं तानशाचें धरण पुरें झालें, तेंहि मुंबईच्या पाण्यासाठीं; आणि त्या तलावाभोंवतालचें रान आज अभयारण्य आहे.

आणखी एक साम्य आहे, आणि तें सुखाचें नाहीं. यलोस्टोनच्या पठारावर तुकुडिका नांवाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. उद्यान झाल्यावर थोड्याच वर्षांत त्यांस घालवून दिलें, आणि ते कारंज्यांस भिऊन तिकडे फिरकतच नसत, अशी कथा प्रवाशांस सांगण्यांत आली. बोरीवलीच्या रानांत वारली व इतर आदिवासींचे पाडे आहेत. 1997 सालीं उच्च न्यायालयानें उद्यानांतील अतिक्रमणें हटविण्याचा हुकूम दिला, तेव्हां झोपड्यांबरोबर या पाड्यांवरहि गदा आली. कागद ठेवण्याची ज्यांच्यांत रीत नव्हती, त्यांस आपण येथलेच हें कागदानें सिद्ध करण्याचा प्रसंग आला. त्या रानांत सुमारें पन्नास बिबळे आहेत. उद्यानाबाहेरील इमारतींच्या आवारांत बिबळ्या दिसला कीं लोक पिंजरा लावा म्हणून ओरडतात. पाड्यावरील वारली वाघबारशीस शेंदूर माखलेल्या वाघोबाची पूजा करितो, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच वाटेनें कामास जातो.