बास्केटबॉलमधील महाविद्यालयीन खेळाडूंची पारख व व्यावसायिक निवड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यावसायिक बास्केटबॉल संघ दरवर्षी ठराविक क्रमाने नव्या खेळाडूंवर आपला हक्क नोंदवितात. या पद्धतीस ‘ड्राफ्ट’ असे म्हणतात. ज्या संघाने खेळाडूचे नाव घोषित केले असेल, त्या संघाशीच सामान्यतः त्याला करार करता येतो. आधीच्या हंगामात मागे पडलेल्या संघांना निवडीत अग्रक्रम मिळतो. कारण संघांचे बळ समतोल राहावे, हा या पद्धतीचा मूळ हेतू होय. साहजिकच विशीच्या आसपासचा तरुण पुढील दहा वर्षे कसा खेळेल, याचा अदमास संघांना आगाऊ बांधावा लागतो. या पारखीची साधने गेल्या पाऊणशे वर्षांत सूक्ष्म होत गेली. परंतु निरीक्षणास मिळणारा अवधी मात्र घटत गेला. तिच्या इतिहासाचे मर्म या विसंगतीत आहे.

प्रारंभ : निवडीची ही रीत प्रथम अमेरिकन फुटबॉलमध्ये १९३६ साली अवलंबिली गेली. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका या संघटनेने ती १९४७ मध्ये स्वीकारली. त्या वर्षी प्रथम क्रमांकाने निवडला गेलेला क्लिफ्टन मॅकनीली हा व्यावसायिक खेळाकडे न वळता शालेय संघाचा प्रशिक्षक झाला. १९४९ मध्ये ही संघटना व नॅशनल बास्केटबॉल लीग यांच्या एकीकरणातून नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) उदयास आली. १९६५ पर्यंत संघाला पहिल्या फेरीतील निवड सोडून आपल्या परिसरातील लोकप्रिय खेळाडू घेण्याची मुभा होती. म्हणजे खेळाडूच्या गुणांइतकाच तिकीटविक्रीचाही विचार होत असे. १९५० मध्ये बॉस्टन सेल्टिक्सने चक कूपर याची निवड केली. निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होय.

त्या काळी दूरचे सामने पाहण्याची सोय तोकडी होती. प्रशिक्षकांचे परस्परांशी असलेले संबंध हाच माहितीचा मुख्य आधार असे. सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड आउरबाख यांना बिल रसेलचे महत्त्व पटले, ते त्यांचे जुने गुरू बिल राइनहार्ट यांच्या शिफारशीवरून. सॅन फ्रॅन्सिस्को विद्यापीठाच्या संघाने रसेलच्या काळात १९५५ व १९५६ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली होती. तथापि त्याची ख्याती बचावासाठी होती आणि बचाव आकड्यांत मांडण्याची सोय नव्हती. १९५६ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या रॉचेस्टर संघाने दुसरा खेळाडू घेतला. सेंट लुइस संघाने दुसऱ्या क्रमांकाने रसेलला निवडून त्याचे हक्क दोन खेळाडूंच्या बदल्यात सेल्टिक्सला दिले. पुढील तेरा हंगामांत सेल्टिक्सने अकरा अजिंक्यपदे जिंकली. चेंडू अडविणे व हिसकावून घेणे यांची नोंद एनबीएमध्ये १९७३-७४ च्या हंगामापासूनच होऊ लागली.

शोधयात्रा : पुढे स्काउट म्हणजे खेळाडूंचा शोध घेणारे परीक्षक हा स्वतंत्र व्यवसाय बनला. संघव्यवस्थापक राहिलेल्या मार्टी ब्लेक यांनी लहानलहान महाविद्यालये पालथी घालून अपरिचित खेळाडू उजेडात आणले. व्हर्जिनिया राज्यातील पोर्ट्‌समथ येथे १९५३ पासून भरणारी स्पर्धा हे या परीक्षकांचे एक महत्त्वाचे निरीक्षणस्थळ ठरले. डेनिस रॉडमन व स्कॉटी पिपेन हे लहान महाविद्यालयांतील खेळाडू तेथे अनेकांच्या नजरेत भरले.

गरज आणि गुणवत्ता : १९८४ ची निवड हे याबाबतचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. ह्यूस्टनने प्रथम अकीम ओलाजुवान याला घेतले. पोर्टलंडकडे क्लाइड ड्रेक्सलर हा तरुण गार्ड आधीच होता व उंच सेंटरची उणीव होती. म्हणून त्या संघाने सॅम बोवी याला पसंती दिली. पायाच्या दुखापतीमुळे बोवीचे महाविद्यालयातील दोन हंगाम वाया गेले होते. तिसऱ्या क्रमांकाने शिकागोला मायकेल जॉर्डन मिळाला. पोर्टलंडचा निर्णय त्या वेळच्या तर्काला धरून होता. मात्र संघाची तात्कालिक गरज व खेळाडूचा दीर्घकालीन पल्ला या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून ठळकपणे दिसून आले.

घटता अवधी : माध्यमिक शिक्षण संपून चार वर्षे झाल्याशिवाय खेळाडूची निवड करू नये, असा पूर्वी नियम होता. स्पेन्सर हेवुड याने त्यास न्यायालयात आव्हान दिले आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय त्याच्या बाजूने लागला. उपजीविकेचा हक्क मान्य झाल्याने गरीब घरांतील मुलांना दिलासा मिळाला; परंतु परीक्षकांची चार वर्षांची शिदोरी हळूहळू संपली. १९९५ मध्ये केव्हिन गार्नेट शाळेतून थेट एनबीएत आला. २००६ च्या निवडीपासून एकोणीस वर्षांची वयोमर्यादा व शाळेनंतर एक वर्षाचे अंतर अशा अटी घालण्यात आल्या. त्यामुळे अनेक उत्तम खेळाडूंच्या बाबतीत महाविद्यालयातील एकाच हंगामावर निर्णय घ्यावा लागू लागला.

शारीरिक मोजमापे : निवडपूर्व शिबिरांत खेळाडूची अनवाणी उंची, हातांचा पसारा, उभ्या उडीची उंची, चपळता इत्यादींची नोंद होते. २००७ च्या शिबिरात केव्हिन ड्युरँटला पाठीवर निजून सु. ८४ किग्रॅ. वजन एकदाही वर ढकलता आले नाही. पोर्टलंडने त्या वर्षी प्रथम ग्रेग ओडेन याला निवडले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्याचा पहिला हंगाम बुडाला आणि एनबीएमध्ये तो एकूण १०५ सामनेच खेळू शकला. दुसऱ्या क्रमांकाचा ड्युरँट २०१४ मध्ये सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. केवळ उंचीही पुरेशी नसते. पंजाबचा सु. २१८ सेंमी. उंचीचा सतनाम सिंग याला डॅलसने २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकाने निवडले. निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू होय. तो महाविद्यालयात न खेळता फ्लॉरिडातील एका क्रीडाप्रबोधिनीतून आला होता. एनबीएचा सामना खेळण्याची संधी त्याला लाभली नाही.

आकडेवारीचा अर्थ : महाविद्यालयीन सामना चाळीस मिनिटांचा व एनबीएचा अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. तीन गुणांची रेषा, खेळाची गती व प्रतिस्पर्ध्यांचा दर्जाही वेगळा असतो. म्हणून एकूण गुणांपेक्षा संघाच्या दर डावामागील कामगिरी, वय, प्रतिस्पर्धी व संघातील भूमिका यांचा एकत्रित विचार अलीकडे केला जातो. मुक्त फेकीतील अचूकतेवरून पुढील काळातील दूरच्या नेमबाजीचा काही अंदाज येतो, असेही आढळले आहे. तरीही डेव्हिडसन या लहान महाविद्यालयातील सडपातळ स्टीफन करी २००९ मध्ये सातव्या क्रमांकापर्यंत मागे राहिला आणि चार वर्षे महाविद्यालयात खेळलेला ड्रेमंड ग्रीन २०१२ मध्ये ३५ व्या क्रमांकावर गेला. करी दोनदा सर्वोत्कृष्ट खेळाडू, तर ग्रीन २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला.

अग्रक्रमासाठी संघांनी मुद्दाम हरू नये, म्हणून १९८५ पासून पहिल्या काही क्रमांकांसाठी सोडत काढण्यात येते. २०२५ मध्ये केवळ १·८ टक्के संधी असलेल्या डॅलसला पहिला क्रमांक मिळाला. अशा रीतीने निवडीच्या क्रमात दैवाचा वाटा नियमानेच मान्य झाला आहे. पारखीतील त्याचा वाटा मात्र कोणत्याही नियमाने मोजता येत नाही. मोजपट्टी खेळाडूचा आजचा देह दाखविते आणि आकडे त्याचा कालचा खेळ. त्याचे शिकणे, दुखापती सोसणे व योग्य प्रशिक्षकाच्या हाती पडणे या गोष्टी निवडीनंतरच घडतात. ज्या तरुणाला आपला संघ निवडण्याचे स्वातंत्र्य नसते, त्याचे यशापयश काही अंशी त्याला निवडणाऱ्या संघाचेही असते. क्रमांकावरून खेळाडूस दोष देताना याचा विसर पडू नये.