रेक्झिनखालची भोकं

डायनिंग टेबलाच्या जुन्या खुर्च्या बघायला चोरबाजारात गेले की मी खुर्ची आधी उलटी करते. दुकानदाराला वाटतं, बाई वाळवी शोधतेय. वाळवी बघतेच, पण मला हवी असते बैठकीची चौकट. खालून ठोकलेली एखादी चूक सैल करून रेक्झिन जरासं उचललं, की कधीकधी लाकडात कडेनं एका ओळीत पाडलेली बारीक भोकं दिसतात. मग मी घासाघीस आवरती घेते. ती खुर्ची मुळातली वेताची. गादी तिच्यावर नंतर चढलेली.

घरी आणून ती गादी सोडवताना घाई करू नये. वरचं तपकिरी रेक्झिन, त्याखाली हात लावताच भुगा होणारा पिवळा फोम, त्याखाली कधी फुलाफुलांचं कापड आणि काथ्या, मग प्लायवूडचा तुकडा. तो निघाला की भोकांत अडकून राहिलेली वेताची काळी टोकं हाती लागतात. असा मऊ फोम कारखान्यांतून निघू लागला तो १९५०च्या दशकात, त्यामुळे तो थर त्याआधीचा नाही एवढं नक्की. काथ्या मात्र कितीही जुना असू शकतो.

गादी आणि वेत यांची ही चढाओढ साडेतीनशे वर्षांची आहे. पूर्वेकडच्या बेटांवरचा वेत व्यापारी जहाजांतून युरोपात गेला आणि १६६०च्या दशकात लंडनमध्ये वेताच्या खुर्च्या होऊ लागल्या. हलक्या, स्वस्त, आणि धूळ नाही की कसर नाही! लोकांनी त्या इतक्या उचलल्या, की लोकरी कापडाने मढवलेल्या खुर्च्यांचं गिऱ्हाईक तुटलं. १६८०च्या दशकाच्या अखेरीस लोकरवाल्यांनी पार्लमेंटकडे धाव घेतली: वेताच्या खुर्च्यांवर बंदी घाला. खुर्ची करणाऱ्यांनी उलट अर्ज केला, की आम्ही वर्षाला सहा हजार डझन खुर्च्या करतो आणि त्यातल्या दोन हजार डझनांहून जास्त परदेशी जातात. बंदी काही आली नाही. मला या भांडणात खुर्चीवाल्यांचंच पटतं. आपल्या हवेत तर जास्तच. मे महिन्यात रेक्झिनवर बसून जेवलेल्या कुणालाही ते पटेल.

दुसरी मोठी लाट आणली मिखाएल थोनेट यांनी. वाफेवर बीचचं लाकूड वाकवून त्यांनी १८५९ साली १४ क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. बैठक म्हणजे वाकवलेलं गोल कडं आणि त्यात विणलेली वेताची जाळी. आपल्या इराण्याच्या हॉटेलातली खुर्ची याच घराण्यातली. मला थोनेटचं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं ते हे, की झिजणारा भाग वेगळा ठेवला. जाळी फाटली तर जाळी बदला, लाकडाला हात लावायचं कारण नाही.

पण बदलणार कोण? मुंबईत याचं उत्तर बराच काळ अंध विणकर हे होतं. १९०० साली अमेरिकन मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी सुरू केलेली, आज दादरला असलेली अंधशाळा, १९०२ची ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा, अशा संस्थांतून खुर्च्या विणायचं काम शिकवलं गेलं. रेल्वेपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत फाटलेल्या खुर्च्या या हातांखालून गेल्या. याला दयाबुद्धीचं काम समजणाऱ्यांनी एकदा स्वतः विणायला बसावं. वेताच्या सालीची पट्टी पाण्यात भिजवायची. गुळगुळीत बाजू वर, खरखरीत खाली. पट्टीवर पेरांचे बारीक उंचवटे असतात. उलट्या दिशेने ओढली तर तेच अडकतात आणि पट्टी चिरते. दिशा बोटालाच कळते, डोळ्याला कळायला वेळ लागतो.

आधी मागून पुढे उभे धागे, त्यांवर आडवे, पुन्हा उभे, आणि चौथ्या फेरीत आडवी पट्टी खालून-वरून खरी विणायची. तोवर नुसती रचना असते. चौथ्या फेरीत जाळी एकदम घट्ट धरते. मग दोन तिरप्या फेऱ्या, एक या कोपऱ्याकडून, एक त्या. भोकांत तात्पुरत्या खुंट्या मारून ताण राखायचा. शेवटी कडेला जाड पट्टी बांधून भोकं झाकायची. वाळताना वेत आकसतो आणि बैठक आपोआप ताणली जाते. पुढे कधी सैल पडली तर खालून ओलं फडकं ठेवून सुकू द्यावी, पुन्हा वर येते. फोम एकदा बसला की बसला.

पुढे कचेऱ्यांत लोखंडी, प्लास्टिकच्या आणि फिरत्या गादीच्या खुर्च्या आल्या, तशी या हातांकडे येणारी कामं आटली. आता यंत्रावर विणलेली तयार जाळी मिळते, पण ती चौकटीतल्या खाचेत दाबून बसवायची असते. भोकांच्या खुर्चीला हातानेच विणावं लागतं. तुमच्या घरातल्या खुर्चीखाली ती भोकं निघाली, तर सुताराला प्लायवूड ठोकायला सांगण्याआधी जवळच्या अंध कार्यशाळेत विचारा. विणणारा भेटला तर पैसे पाडून मागू नका.