मनाईतून घडलेला किनारा

स्कूबा डायव्हिंगचे पहिले प्रमाणपत्र हातात पडले की नवा डायव्हर सगळ्यात सुंदर समुद्र कुठला, हे शोधू लागतो. मालदीव, तांबडा समुद्र, इंडोनेशिया अशी नावे पुढे येतात, फोटो पाहिले जातात आणि सहल ठरते. माझ्या मते ही निवड चुकीच्या टोकापासून सुरू होते. ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र म्हणजे सोबत्याबरोबर १८ मीटर खोलीपर्यंत उतरण्याची मुभा, आणि ती मिळते खुल्या पाण्यातल्या जेमतेम चार डाइव्हच्या बळावर. एवढ्या शिदोरीवर निघालेल्या माणसाला आधी हवा असतो तो चूक पोटात घालणारा किनारा. असा किनारा निसर्ग अर्धाच देतो. उरलेला अर्धा माणसे घडवतात, तोही बहुतेक वेळा काही गोष्टींना ‘नाही’ म्हणून. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटाचा इतिहास हे फार स्पष्ट दाखवतो.

व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेले हे बेट १६३६ मध्ये डचांच्या हाती गेले. पाऊस कमी, जमीन खडकाळ, त्यामुळे उसाचे मोठे मळे इथे उभे राहिले नाहीत. कडक ऊन आणि सतत वाहणारा वारा मात्र मिठाला मानवला आणि दक्षिणेकडच्या सखल भागात मिठागरे पसरली. त्यांत राबणारे गुलाम होते. १८५० साली त्यांच्यासाठी बांधलेल्या, आत ताठ उभेही राहता येऊ नये इतक्या ठेंगण्या दगडी झोपड्या आजही किनाऱ्यावर आहेत. डच वसाहतींमधली गुलामगिरी संपायला १८६३ साल उजाडावे लागले. आज डायव्हर ज्या रस्त्याच्या कडेला गाडी लावून सिलिंडर पाठीवर चढवतात, तो रस्ता या झोपड्यांवरूनच जातो. तिथे उतरणाऱ्याला या माणसांची माहिती असायलाच हवी. शिवाय पाण्याच्या नितळपणाचा धागाही त्याच कोरड्या हवामानाशी जुळतो. बारमाही नद्या नाहीत, म्हणून समुद्रात गाळ येत नाही. गाळ नाही, म्हणून प्रवाळ किनाऱ्याला लागून वाढले.

मग हे सगळे निसर्गाचेच देणे नव्हे काय, असा आक्षेप साहजिक आहे. व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, पश्चिम किनारा आडोशाला राहतो, पाणी शांत असते. यात माणसाचे कर्तृत्व ते काय? पण हा वारा आणि हे प्रवाळ १९६२ मध्येही होतेच. त्या वर्षी डॉन स्टुअर्ट नावाचा अमेरिकी दर्यावर्दी आपले शिडाचे जहाज घेऊन बोनेअरला पोहोचला आणि पुढे ‘कॅप्टन डॉन’ म्हणून तिथल्या डायव्हिंगचा आद्य पुरुष ठरला. त्या काळात डायव्हर भाले घेऊन पाण्यात उतरत, प्रवाळ तोडून आठवण म्हणून घरी नेत आणि होड्यांचे नांगर प्रवाळांवर पडत. हेच चालू राहिले असते तर वारा कितीही अनुकूल असून उपयोग नव्हता. किनारा वाचवला तो कायद्याने. १९७१ मध्ये भाल्याने मासे मारण्यावर बंदी आली. १९७५ मध्ये जिवंत वा मृत प्रवाळ उचलणे गुन्हा ठरला. १९७९ मध्ये बोनेअर आणि शेजारच्या क्लाइन बोनेअर या बेटांभोवतीचा, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा सगळा समुद्र सागरी उद्यान म्हणून जाहीर झाला. नांगराच्या जागी तळाला पक्के बांधलेले बोये आले आणि त्या कामात कॅप्टन डॉन आघाडीवर होता. पारंपरिक गळ-दोरीची मासेमारी मात्र स्थानिकांना खुली राहिली. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण इथली मनाई कोळ्याच्या पोटावर उठलेली नव्हती.

हे निर्बंध प्रवाळांसाठी होते, पण त्यांचा मोठा लाभ नवशिक्याला झाला. बोया असला की खाली जाताना आणि वर येताना दोर डोळ्यांसमोर राहतो. वेग आवरायला न शिकलेल्या माणसाला त्याचा मोठा आधार असतो. रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडांवर जागांची नावे लिहिलेली असतात. तिथून चालत पाण्यात शिरायचे आणि मन धजले नाही तर तसेच परत फिरायचे. होडीवरच्या दहा जणांची घाई इथे नसते. उद्यानाच्या नियमानुसार प्रत्येक डायव्हरला आधी एक ओळखीची डाइव्ह करावी लागते, तीत वजन आणि तरंगणे तपासले जाते. बेटाच्या मुख्य गावातल्या, क्रालेंडाइकच्या, रुग्णालयात दाबकक्षही आहे. घाईने वर आल्यामुळे अंगात नायट्रोजनचे बुडबुडे झाले तर उपचार तिथेच होतात. मोह इथेही आहेत. १९८४ मध्ये बुडालेले ‘हिल्मा हूकर’ हे मालवाहू जहाज सुमारे ३० मीटरवर तळाशी आहे आणि नव्या प्रमाणपत्रधारकाने त्या तळापर्यंत जाऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नवशिके डायव्हरच प्रवाळांना लाथा मारतात, मग त्यांना अशा जपलेल्या जागी बोलवायचेच कशाला? नुकसान होते हे खरेच. बोनेअरवरच्या अभ्यासातून १९९३ मध्ये असा अंदाज पुढे आला, की एका जागी वर्षाला चार ते सहा हजारांपेक्षा जास्त डाइव्ह झाल्या तर प्रवाळांवर परिणाम दिसू लागतो. पण दुसरी बाजूही याच बेटाने दाखवली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात पैसा आटला आणि उद्यान जवळजवळ कागदावरच उरले. १९९१ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि १९९२ पासून प्रत्येक डायव्हरकडून वर्षाला १० डॉलर घेतले जाऊ लागले. त्या शुल्कावर उद्यान चालू लागले. म्हणजे नवशिक्याचा धक्का प्रवाळाला लागतो, तसा त्याचा पैसा पहारेकऱ्याच्या पगारालाही लागतो. ओळखीची डाइव्ह सक्तीची असेल आणि शुल्क खरोखर समुद्रावर खर्च होत असेल, तर हा व्यवहार मला मान्य आहे. यांतले एकही नसेल तर मुळीच मान्य नाही. प्रवाळांवरची सगळी संकटे नियमांनी अडत नाहीत, हेही सांगायला हवे. प्रवाळांच्या ऊती मारणारा रोग २०२३ मध्ये बोनेअरलाही पोहोचला.

पुण्या-मुंबईच्या डायव्हरला बोनेअर लांब पडते आणि महागही. तिथेच जा, असे माझे म्हणणे नाही. पण तीच कसोटी जवळच्या समुद्राला लावता येते. मालवणचा समुद्र १९८७ मध्येच सागरी अभयारण्य झाला, म्हणजे बोनेअरनंतर अवघ्या आठ वर्षांनी. तिथे मच्छीमारांचा विरोध आजवर पूर्ण शमलेला नाही, कारण अभयारण्याने आपल्याला काय दिले हे त्यांना दिसलेले नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरणारे बहुतेक पर्यटक प्रमाणपत्राशिवाय, प्रशिक्षकाच्या हाताला धरून उतरतात. प्रमाणपत्र घेतलेल्याची गरज वेगळी असते. म्हणून मालवण असो वा अंदमान, पैसे भरण्याआधी विचारा : होडी नांगर टाकते की बोयाला बांधतात? पहिली डाइव्ह उथळ पाण्यात उजळणीची असते का? दाबकक्ष किती तासांवर आहे? आमच्या शुल्कातले समुद्राच्या वाट्याला काय जाते? सरळ उत्तरे मिळाली तर तिथे जा. नाही मिळाली तर फोटो कितीही सुंदर असोत, पहिल्या सहलीसाठी ती जागा सोडून द्या.