झुबेदा : नाव एक, ओळखी अनेक

आमच्या मोहल्ल्यांत झुबेदा नावाची एखादी खाला हमखास भेटते. हे नाव आले कोठून, असे मात्र आम्ही क्वचितच विचारतो.

पहिल्या प्रसिद्ध झुबेदाचे मूळ नाव अमत-अल-अझीझ. आजोबा खलिफा मन्सूर लाडाने तिला 'झुबेदा', म्हणजे लोण्याचा गोळा, म्हणत. पुढे ती हारून-अल-रशीदची बेगम झाली. अरबी सुरस कथांनी तिला महालात बसवले. त्याच कथांत बगदादच्या तीन स्त्रियांतली थोरलीही झुबेदाच. १९३१ साली 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची नायिका झुबेदा होती. २००१ साली श्याम बेनेगल यांच्या चित्रपटालाही हेच नाव मिळाले.

या झगमगाटात बेगमेचे खरे काम झाकले गेले. कूफा ते मक्का या हजच्या वाटेवर तिने विहिरी, हौद व मुक्कामाच्या जागा बांधवल्या. हुनैनकडच्या झऱ्यांचे पाणी मक्केकडे आणवले. इ.स. ८३१ मध्ये ती वारली. 'ऐन झुबेदा'चे पाणी त्यानंतरही शतकानुशतके हाजींना मिळत राहिले.

लेकीचे नाव झुबेदा ठेवणाऱ्या आम्ही तिला महालाची गोष्ट सांगतो. या पाण्याचीही सांगायला हवी.