खंडाळ्याच्या रानमुगाचे गोत्र

पावसाळ्यात आपण लोणावळा-खंडाळ्याला धबधबे पाहायला जातो. फादर सान्तापाव तिथे झाडेझुडपे टिपायला जात. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले हे स्पॅनिश जेझुइट. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ 1953 साली निघाला. इथल्या एका रानमुगाला त्यांनी गावाचेच नाव दिले, फॅसिओलस खंडालेन्सिस.

फॅसिओलस हे राजम्याचे घराणे. मूग-उडीदही तेव्हा त्यातच धरत. पण राजमा मूळचा अमेरिकेचा, मूग इथला! फुलांच्या बारीक तपासणीत हे नाते डळमळले. पुढे बियांनीही साक्ष दिली. बी दळून प्रथिने काढायची, जेलीसारख्या थरात सोडून वीज लावायची. लहान रेणू पुढे पळतात, मोठे रेंगाळतात, आणि पट्टे उमटतात. माती-पाऊस बदलला तरी ते फारसे बदलत नाहीत, म्हणून त्यांच्यावर भरवसा.

मूग, उडीद, मटकी चवळीच्या घरी, व्हिग्नात गेली. रानमूगही गेला, आडनाव बदलले, गाव टिकले. आमच्या अम्मीच्या खिचड्यात मात्र सगळ्या डाळी सख्ख्याच!

पैदासकाराला ही चैन नाही. मुगाचा संकर जवळच्याच नात्यात जुळतो, आणि ते नातलग डोंगरउतारावर रानात उगवतात.