मोठे इंजिन, मोठी टाकी आणि कोळशाचा वायू

एप्रिल १९४२मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात उत्तरेकडे सरकत असताना ब्रिटिशांनी इरावतीकाठच्या येनानजाउंग येथील तेलविहिरी स्वतःच्याच हातांनी उद्ध्वस्त केल्या. रंगून महिनाभरापूर्वीच पडले होते. ब्रह्मदेशाचे तेल हा हिंदुस्थानचा एक मोठा आधार होता. आसामातील दिग्बोईचा तेलशुद्धीकरण कारखाना १९०१पासून चालू असला, तरी देशाच्या गरजेपुढे त्याचे उत्पादन तोकडे होते. पेट्रोलचे रेशनिंग १९४१मध्येच सुरू झाले होते. आता सैन्याची गरज भागल्यावर उरेल तेवढेच नागरिकांच्या वाट्याला, अशी स्थिती आली.

या टंचाईचा खरा फटका मालमोटारींना बसला. त्या काळी देशात धावणाऱ्या मालमोटारी प्रामुख्याने अमेरिकी बनावटीच्या आणि पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. जनरल मोटर्सने १९२८पासून मुंबईत शिवडी येथे आयात सुट्या भागांची जुळणी सुरू केली होती, फोर्डच्या गाड्याही अशाच जुळणीतून रस्त्यावर येत. फोर्डचे आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन सुमारे ३.६ लिटर क्षमतेचे व ८५ अश्वशक्तीचे. शेव्हरोलेचे सहा सिलिंडरांचे इंजिन सुमारे ३.५ लिटरचे. आकारमानाच्या मानाने ही शक्ती आज फारच कमी वाटेल. त्याला कारण होते. त्या काळच्या सामान्य पेट्रोलचा ऑक्टेन अंक कमी असल्याने इंजिनाचे संपीडन गुणोत्तर सहा-साडेसहाच्या वर नेता येत नसे. त्यापुढे गेल्यास ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातील मिश्रण आपोआप भडके आणि इंजिन ठोके देऊ लागे. मग शक्ती वाढवायची तर मार्ग एकच: सिलिंडर मोठे करायचे आणि पेट्रोल जास्त जाळायचे. अमेरिकेत तेल स्वस्त होते, त्यामुळे हा मार्ग कोणाला खटकला नाही. आजही अमेरिकेतील अवजड पिकअप ट्रक त्याच वळणाचे आहेत. फोर्डने २०२०मध्ये आपल्या सुपर ड्यूटी मालिकेत ७.३ लिटरचे पेट्रोल इंजिन आणले. या मालिकेतील गाड्यांची इंधनटाकी ३४ गॅलनची, लांब हौद्याच्या काही गाड्यांत ४८ गॅलनची, म्हणजे १८०हून अधिक लिटरची असते.

हिंदुस्थानने मात्र ही इंजिने घेतली, पण त्यांना लागणारे तेल त्याच्याकडे नव्हते आणि इंजिन घडवणारा कारखानाही नव्हता. कारखाना नव्हता तो प्रयत्नांअभावी नव्हे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून अभियंता झालेले आणि मुंबई इलाख्याच्या सेवेत उमेदीची वर्षे घालवलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यास युरोप-अमेरिकेतील मोटार कारखाने पाहून हिंदुस्थानी मोटार कारखान्याची योजना तयार केली होती. मूळचे सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद तीत उतरले. मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने अनुकूलता दाखवली, पण नोव्हेंबर १९३९मध्ये त्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मग म्हैसूर संस्थानाशी बोलणे होऊन कारखाना बंगळुरूला उभारण्याचा विचार पुढे आला. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी वाटाघाटीही झाल्या. परंतु युद्धकार्यासाठी हा उद्योग आवश्यक आहे, हे मान्य करण्यास दिल्लीचे सरकार तयार झाले नाही आणि बेत बारगळला. ज्या युद्धात मालमोटारींवाचून सैन्याचे पान हलत नव्हते, त्या युद्धात मालमोटारींचा कारखाना अनावश्यक ठरावा, हा निर्णय वसाहतीच्या अर्थशास्त्राखेरीज दुसऱ्या कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

बंगळुरूला मालमोटारींचा कारखाना मिळाला नाही; त्याऐवजी वालचंदांच्याच पुढाकाराने आणि म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने डिसेंबर १९४०मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमान कारखाना मिळाला. कोल्हापूरकडचे, गोटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली संशोधन केलेले विष्णू माधव घाटगे या कारखान्यात आले. १९४२मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तोही घाटगे यांच्या नेतृत्वाखाली. हा विभाग पुढे या कथेत परत येणार आहे, तोही विमानांसाठी नव्हे.

मालमोटारींना तोवर कोळशाचा आधार शोधावा लागला. प्रोड्यूसर गॅसची कल्पना जुनीच होती. युरोपात जॉर्ज इंबेर यांनी मोटारींसाठी लाकडावर चालणारी भट्टी विकसित केली होती आणि युद्धकाळात जर्मनी, स्वीडन, फ्रान्स या देशांत अशा लाखो गाड्या धावल्या. हिंदुस्थानात लोणारी कोळसा मुबलक होता. गाडीच्या मागे किंवा बाजूला उभी, पिंपासारखी लोखंडी भट्टी बसवली जाई. तीत कोळसा अपुऱ्या हवेत जळे. प्रथम कर्बद्विप्राणिद वायू तयार होई, तो वरच्या लालबुंद निखाऱ्यांतून जाताना पुन्हा कर्ब उचलून कर्बएकप्राणिद बने. हवेत किंवा कोळशात ओल असेल तर वाफेपासून थोडा हायड्रोजनही मिळे. हा वायू गाळून, थंड करून, हवेत मिसळून इंजिनात ओढला जाई. भट्टी पेटवायला हातपंख्याने वारा घालावा लागे आणि गाडी निघायला वेळ लागे. चढावर इंजिन धापा टाकी. गाळणी नीट नसेल तर राख सिलिंडरात जाऊन इंजिन झिजे. बंद जागेत भट्टी चालू ठेवणे तर जिवावरचेच, कारण कर्बएकप्राणिद हा वासही न येणारा विषारी वायू आहे.

चढावर इंजिन का धापा टाकी, याचे उत्तर भौतिकीत आहे, आणि ते अनेकांना वाटते तसे नाही. एक घनमीटर प्रोड्यूसर गॅस जाळून जेमतेम ५ मेगाजूल ऊर्जा मिळते, कारण त्यातला निम्म्याहून अधिक भाग निष्क्रिय नायट्रोजनचा असतो. पेट्रोलच्या वाफेशी तुलना केली तर हा आकडा हास्यास्पद वाटतो. परंतु इंजिन इंधन ओढत नाही, इंधन आणि हवा यांचे मिश्रण ओढते. पेट्रोलला भरपूर हवा लागते, प्रोड्यूसर गॅसला जवळजवळ स्वतःच्या आकारमानाइतकीच. त्यामुळे सिलिंडरात शिरणाऱ्या एक घनमीटर मिश्रणात पेट्रोल असेल तर सुमारे साडेतीन मेगाजूल आणि प्रोड्यूसर गॅस असेल तर सुमारे २.४ मेगाजूल ऊर्जा असते. घट तीस टक्क्यांच्या आसपास. त्यात वायू गरम असल्याने विरळ, भट्टीतून व गाळणीतून ओढताना दाब कमी झालेला, शिवाय ज्वलनानंतर रेणूंची संख्या घटत असल्याने दाबही थोडा कमी. सारे मिळून प्रत्यक्ष घट चाळीस टक्क्यांच्या पुढे जाई. म्हणजे ८५ अश्वशक्तीचे इंजिन ४५-५० अश्वशक्तीवर येई. गाडी चालत राही ती इंजिन मुळात ऐसपैस होते म्हणून. अमेरिकी इंजिनाचा उधळेपणा असा अनपेक्षितपणे उपयोगी पडला. काटकसरीने बांधलेल्या लहान इंजिनाची मालासह अशी घट सोसण्याची ऐपतच नसती.

खरी अडचण सिलिंडरात नव्हती, टाकीत होती. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाजूल ऊर्जा असते. एक किलो चांगल्या कोळशात जवळपास तितकीच, पण तिच्यातील तिसरा हिस्सा वायू बनवतानाच खर्च होतो. म्हणून एका लिटर पेट्रोलच्या जागी दीड किलो कोळसा धरावा लागतो, आणि कोळसा पोकळ असल्याने तो सहा-सात लिटर जागा व्यापतो. शंभर लिटरच्या टाकीऐवजी गाडीवर दीडशे किलो कोळसा, म्हणजे चार-पाच पोती, आणि वर भट्टी, गाळणी, नळ यांचे वजन. हाच हिशेब आजच्या त्या ४८ गॅलनच्या अमेरिकी पिकअपला लावला तर सुमारे २७० किलो कोळसा भरावा लागेल आणि तिच्या हौद्याचा जवळपास निम्मा भाग त्यातच जाईल. द्रवरूप इंधनाचे राज्य कशावर टिकले आहे, हे या एका भागाकारातून जितके कळते, तितके तेलाच्या राजकारणावरील ग्रंथांतूनही क्वचितच कळते.

युद्ध संपले, पेट्रोल परतले आणि भट्ट्या भंगारात गेल्या. वालचंदांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला क्रायस्लरच्या सहकार्याने मोटारी व मालमोटारी बनवण्यास आरंभ केला. पण मालवाहतुकीचे भवितव्य डिझेलकडे झुकले होते. १९५४मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझची डिझेल मालमोटार बाहेर पडली, मद्रासकडे अशोक लेलँड उभी राहिली, आणि परकीय चलन जपणाऱ्या देशाला पेट्रोल पिणाऱ्या मोठ्या इंजिनाचा सोस परवडेनासा झाला. अपवाद सैन्याचा. जबलपूरला निस्सानच्या परवान्याखाली बनणारी जोंगा आणि एक टनी ट्रक या दोघांतही जवळपास चार लिटरचे, सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन होते. जोंगाच्या तहानेचे किस्से जुने फौजी अजूनही रंगवून सांगतात.

युद्धकाळाने मागे ठेवलेला एक समज मात्र टिकून राहिला. प्रोड्यूसर गॅसवर चालणाऱ्या ठिणगीच्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर बाराच्या वर नेऊ नये, नाहीतर मिश्रण आपोआप पेटेल. हा समज कसा पक्का झाला असावा, याचा अंदाज बांधता येतो. युद्धात प्रत्येकाने हाताशी असलेले पेट्रोल इंजिनच वापरले; ते सहाच्या आसपासच्या गुणोत्तराचे होते, त्यात फार तर थोडीफार वाढ करता येत होती. नवे इंजिन घडवायला ना कारखाना होता, ना सवड. तात्पुरत्या सोयीची मर्यादा पाठ्यपुस्तकात निसर्गाची मर्यादा म्हणून नोंदली गेली.

१९७३च्या तेलसंकटानंतर प्रोड्यूसर गॅसचा विषय पुन्हा वर आला. १९७४मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' हा कक्ष सुरू केला होता. १९८०च्या दशकात लाकडाचा वायू करणाऱ्या भट्ट्यांवर काम सुरू झाले आणि त्याचे ज्वलनशास्त्र सांभाळले ते एच. एस. मुकुंद यांनी, म्हणजे घाटगे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या त्याच विमानविद्या विभागाने. अग्निबाणातील ज्वलन समजणाऱ्या माणसांना चुलीतील ज्वलन कमी प्रतीचे वाटले नाही, हे विशेष. १९८८मध्ये तुमकूर जिल्ह्यातील होसहळ्ळी या छोट्या गावात अशा वायूवर वीज निर्माण होऊ लागली. इंजिन होते ३.७ किलोवॅटचे साधे डिझेल इंजिन; वायू हवेबरोबर आत ओढला जाई आणि थोडे डिझेल फवारून तो पेटवला जाई.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. डिझेल इंजिनाचे संपीडन गुणोत्तर सतराच्या आसपास असते. म्हणजे अशा मिश्र इंधनाच्या प्रत्येक इंजिनात प्रोड्यूसर गॅस आणि हवा सतरापटीने दाबली जात होती, आणि तरीही ठोके ऐकू येत नव्हते. पुरावा रोज समोर धडधडत होता. पुस्तकातील बारा हा आकडा तरीही कायम होता.

मुकुंद, पी. जे. पॉल आणि जी. श्रीधर यांनी तो आकडा तपासला. त्यांचा शोधनिबंध २००१मध्ये प्रसिद्ध झाला. किर्लोस्करांचे तीन सिलिंडरांचे, सुमारे ३.३ लिटरचे डिझेल इंजिन घेऊन त्यात डिझेलच्या फवाऱ्याऐवजी ठिणगीची सोय केली गेली. युद्धकाळातील शेव्हरोलेच्या इंजिनाइतकेच हे आकारमान, हा निव्वळ योगायोग. संपीडन गुणोत्तर ११.५ पासून १७ पर्यंत नेले. इंजिन सतरालाही सुरळीत चालले, आपोआप पेटण्याची चिन्हे दिसली नाहीत. कारणही समजण्याजोगे आहे: नायट्रोजन आणि कर्बद्विप्राणिद हे निष्क्रिय वायू मिश्रणाचे तापमान फार चढू देत नाहीत, आणि हायड्रोजनमुळे ज्योत इतकी जलद पसरते की कोपऱ्यातील मिश्रणाला स्वतःहून भडकायला उसंतच मिळत नाही. आदर्श चक्राच्या गणिताने पाहिले तर सहा गुणोत्तराला ५१ टक्के आणि सतराला ६८ टक्के कार्यक्षमता शक्य असते. प्रत्यक्ष इंजिन यापासून फार दूर असते, पण दिशा हीच.

मोजमापे संयत होती. कमाल १७.५ किलोवॅट वीज, एकूण कार्यक्षमता २१ टक्के. डिझेलच्या तुलनेत शक्तीतील घट जास्तीत जास्त १६ टक्के. युद्धकाळच्या चाळीस टक्क्यांशी याची सरळ तुलना करू नये, कारण तेव्हा मोजपट्टी पेट्रोल इंजिनाची होती आणि इथे ती डिझेलची आहे. तरीही इंजिन वायूसाठी जुळवून घेतले तर काय साधते, हे दिसते. कार्यक्षमता मात्र डिझेलपेक्षा ३२.५ टक्क्यांनी घटली. जादा उष्णता इंजिन थंड करणाऱ्या पाण्यात जात होती, कारण ज्वलनकक्षाची घडण डिझेलसाठीची होती; वायूसाठी ती बदलली पाहिजे, हे संशोधकांनी निबंधातच नोंदवले.

संपीडनाची भिंत अशी पडली, टाकीची मात्र पडली नाही. लाकूड कोळशाहूनही अधिक जागा खाते, आणि त्या भागाकारात कोणत्याही ज्वलनकक्षाला फेरफार करता येत नाही. म्हणून बंगळुरूच्या प्रयोगशाळेतून निघालेली ही इंजिने मालमोटारीवर चढली नाहीत. ती गावाच्या शेडमध्ये, कारखान्याच्या आवारात एका जागी उभी राहिली. होसहळ्ळीत पुढे २० किलोवॅटची यंत्रणा आली. तिचे लाकूड गावच्याच जमिनीवर लावलेल्या झाडांचे. ते तोडून, वाळवून, तुकडे करून शेडशेजारी रचून ठेवत, आणि इंजिनाला टाकी नव्हतीच.